घाटात बंद, मिस्त्रीच्या दारात चालू

घाटात बंद पडणाऱ्या मोटारसायकलचं लक्षण असं असतं. गाडी नांदेडहून सुटते तेव्हा झकास चालते. भोकर, हिमायतनगर मागे पडतं, पैनगंगेच्या अंगाने रस्ता डोंगरात शिरतो आणि चढाला लागल्यावर थोड्याच वेळात गाडी आचके द्यायला लागते. अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी ओढत नाही, मग बंद. किक मारून मांड्या दुखतात, काही उपयोग होत नाही. सावली बघून बसलं, पाणी प्यायलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी सहज एक किक मारली की पहिल्याच दणक्यात चालू. पुढे काही किलोमीटर ठीक, मग पुन्हा तेच. परत आल्यावर मिस्त्रीकडे नेली तर कुठे काही नाही. तो एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "भाऊ, मस्त तर चालतीय. काय झालंय हिला?" तरीही प्लग बदलतो, कार्ब्युरेटर धुतो, बिल हातात देतो. पुढच्या खेपेला माहूरच्या घाटात पुन्हा तीच गत.

यात मिस्त्रीचा दोष कमी. दोष गरम असताना दिसतो आणि थंड झाला की लपतो, आणि गाडी त्याच्यापर्यंत पोहोचते ती थंड होऊनच. त्यामुळे निदान घाटातच करावं लागतं, तेही गाडी बंद पडल्यावरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत. आपण नेमकी तीच मिनिटं किका मारण्यात आणि शिव्या घालण्यात घालवतो. मग सावलीत बसतो आणि पुरावा निवून जातो.

औट्रम घाटात, धारूरच्या घाटात किंवा मांजरसुंब्याला गाडी अशी रुसली तर फार बिघडत नाही. वाहनं सतत चालू असतात, कोणी तरी थांबतं. किनवट-माहूर पट्ट्यात तसं नाही. सागाचं जंगल, पैनगंगा अभयारण्याचा भाग, मोबाईलची रेंज मधूनच गायब आणि गॅरेज मोठ्या गावाशिवाय नाही. शिवाय पैनगंगा ही हद्दीची नदी. अलीकडे नांदेड, पलीकडे यवतमाळ आणि खाली उतरत गेलात की एका काठाला तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. मदतीसाठी ११२ लावाल तेव्हा आधी कोणत्या काठावर आहात ते सांगा, आणि मागे लागलेल्या गावाचं किंवा पुलाचं नाव सांगा. "पैनगंगेजवळ" एवढ्याने समोरच्याला काही कळत नाही.

बंद पडल्या पडल्या

किक आणि सेल्फ दोन्ही सोडा. गाडी रस्त्याच्या कडेला सपाटीवर घ्या, चावी चालूच राहू द्या आणि मीटरकडे बघा. दिवे, न्यूट्रलचा हिरवा ठिपका, हॉर्न, सगळं जागच्या जागी आहे का? मीटरच काळं पडलं असेल तर पेट्रोलकडे जायचं कारण नाही. बॅटरीचं टर्मिनल ढिलं झालंय, फ्यूज उडालाय किंवा मुख्य स्विचची वायर सुटतेय. बाजूचं कव्हर काढून टर्मिनल हाताने हलवून बघा. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी हा एक स्क्रू ढिला होणं ही रोजची गोष्ट आहे, आणि तो गरमी-थंडीचा आव आणतो, कारण गाडी थांबवून हलवली की तो आपोआप पुन्हा टेकतो.

मीटर जिवंत असेल तर इंजिन बंद करणारा लाल स्विच चुकून दाबला गेलाय का, हे एकदा बघा. हसू नका. जाड हातमोजे घातले की हात कुठेही जातो.

आता कान टाकीच्या झाकणाजवळ न्या आणि झाकण हळूच उघडा. 'सुस्स' असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर बहुतेक चोर सापडला. झाकण नुसतं टेकवून, लॉक न करता, थोडं थांबून किक मारा. वीस मिनिटं थांबल्याशिवाय चालू न होणारी गाडी आता मिनिटभरात चालू झाली तर संशय उरत नाही. फक्त आवाजाची दिशा नीट ओळखा. उन्हात उभ्या गाडीचं झाकण उघडलं की वाफ बाहेर फुसकन येते, ते साहजिक आहे. आपल्याला हवा आहे तो आत ओढला जाणारा श्वास.

टाकीचा श्वास कोंडणं

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती येते झाकणातल्या बारीक भोकातून. ते भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोलची धार बारीक होत जाते, कार्ब्युरेटरचा बाऊल, म्हणजे त्यातली पेट्रोलची वाटी, रिकामा होतो आणि गाडी आचके देत बंद पडते. वीस मिनिटांत झाकणाच्या फटीतून थोडी थोडी हवा झिरपते, दाब सारखा होतो, बाऊल भरतो आणि गाडी चालू होते. इंजिन थंड झाल्यामुळे ती चालू झाली असं आपल्याला वाटतं. थंड होण्याचा इथे काही संबंधच नाही, फक्त वेळ गेलेला असतो.

मग हे घाटातच का? चढावर खालच्या गिअरमध्ये, जास्त थ्रॉटलवर पेट्रोल झपाट्याने लागतं. गावात सिग्नलपासून सिग्नलपर्यंत जाताना जेवढी हवा झिरपते तेवढ्यावर भागतं, चढावर भागत नाही. दुसरी गंमत अशी की टाकी काठोकाठ भरलेली असताना हा त्रास लवकर होतो. वर हवेची जागाच थोडी असते, त्यामुळे जरा पेट्रोल गेलं की दाब पटकन पडतो. नांदेडला टाकी फुल करून निघायचं आणि पहिल्या मोठ्या चढावर गाडी बंद, अर्ध्या टाकीवर मात्र तीच गाडी माहूर गाठते. असा हिशेब जुळत असेल तर आधी झाकणच बघा.

एकट्याने फिरणाऱ्याच्या गाडीत आणखी एक भानगड असते. टाकीवरची बॅग. तिच्यात मोबाईल, नकाशा, पाण्याची बाटली, वर पावसाचं कव्हर, आणि सगळं बंजी दोरीने आवळलेलं. ही बॅग नेमकी झाकणावर बसते आणि भोक झाकून टाकते. मिस्त्रीकडे जाताना बॅग घरी असते. गाडी त्याच्याकडे कधीच बंद पडत नाही याचं एवढं साधं उत्तर असू शकतं.

खात्री करून घ्यायची दुसरी रीत यापेक्षा पक्की आहे, ती घरी करा. इंजिन गार असू द्या, आसपास विडी-काडी नको. कार्ब्युरेटरच्या बाऊलखालचा ड्रेन स्क्रू ढिला करा, त्याच्या नळीखाली पारदर्शक बाटली धरा आणि पेट्रोलचा कॉक चालू ठेवा. धार एकसारखी लागली पाहिजे. सुरुवातीला जोरात येऊन हळूहळू सुतासारखी झाली, मग थेंब थेंब, तर झाकण उघडा. उघडल्याबरोबर धार पुन्हा जोरात लागली तर दोष झाकणात. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर कॉकची जाळी, नळी किंवा फिल्टर तुंबलाय.

झाकण साफ करताना ते टाकीवरून पूर्ण काढा. धूळ, धुतल्यावर सुकलेला साबण आणि गंज या तिघांचा तिथे एक घट्ट थर जमतो. बारीक तारेने मोकळं करा आणि हवेचा झोत मारा. आतलं रबर फुगलंय का तेही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनवलेली नसतात. फुगलेलं रबर भोक आतून दाबून धरतं. नवं झाकण फार महाग नसतं, पण ते घेताना त्याला भोक आहे ना हे उजेडात धरून बघा.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते. तिथे झाकणाऐवजी त्या डब्याकडे जाणारी नळी तपासा. सीट काढून पुन्हा बसवताना ती पिचकते. आणि पंपावर नोझल 'टक्' झाल्यावर "अजून पन्नासचं टाक" म्हणत टाकी गळ्यापर्यंत भरू नका. जादा पेट्रोल त्या डब्यात उतरतं, आणि मग गरम गाडी चालू व्हायला कुरकुर करते.

झाकण उघडूनही ढिम्म असेल तर

मग ठिणगी बघायची. झाकण आधी घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसा. कॅपसकट प्लग काढा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवून धरा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि सेल्फ मारा. हाताने धरायचं तर रबरी मुठीच्या पकडीने. प्लग हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत त्याने इसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, दुखावू शकतो. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली किंवा नसलेलीच असेल तर कॉइल, प्लगची कॅप किंवा पिकअप कॉइल यांपैकी एक.

या तिन्हींत केसासारखी तांब्याची तार किंवा बारीक जोड असतो. तापल्यावर तो उघडतो, थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. घाटात आणखी एक झटपट परीक्षा करता येते. ओल्या फडक्याने टाकीखालची इग्निशन कॉइल थंड करा, पाणी ओतू नका, आणि लगेच चालू करून बघा. इंजिन गरमच, कॉइल तेवढी गार, आणि गाडी चालू झाली तर कॉइल बदला. नाही झाली तर संशय पिकअप कॉइलवर, ती इंजिनच्या कव्हरखाली मॅग्नेटजवळ तेलाच्या गरमीत बसलेली असते. तिला फडकं पोहोचत नाही. तिचा रेझिस्टन्स कनेक्टरवर मल्टिमीटरने दोनदा मोजावा लागतो, एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा बंद पडल्या पडल्या. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. दोन आकड्यांत थोडा फरक असणारच, पण गरम असताना मल्टिमीटर एकदम तुटलेली तार दाखवत असेल तर चोर सापडला.

प्लगची कॅप लोक विसरतात. बहुतेक कॅपमध्ये ५ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो आणि तो तापून फुटतो. सगळ्यांत स्वस्त पार्ट, म्हणून बदलायचा तर हा सगळ्यांत आधी.

वळणावर बंद पडते, सरळ चढावर नाही

हा वेगळा रोग आहे, त्याला गरमीशी जोडू नका. नागमोडी वळणावर हँडल पूर्ण वळतं, तेव्हा हँडलच्या मानेजवळून जाणारा वायरचा जुडगा ताणला जातो. वरचं आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली, असं बऱ्याच जुन्या गाड्यांत सापडतं. मधल्या स्टँडवर गाडी चालू ठेवा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. एखाद्या ठिकाणी इंजिन चुकलं की बोट त्याच जागी ठेवा. तिथेच जुडगा चिमटून, हलवून बघा.

याच यादीत साईड स्टँडचा स्विच येतो. सहस्रकुंडला धबधब्याकडे किंवा उनकेश्वरला गरम पाण्याच्या कुंडांकडे पावसाळ्यात गेलात तर काळी माती स्टँडच्या सांध्यात भरते आणि वाळून दगड होते. स्टँड वर गेलेला दिसतो, स्विचला मात्र तो खालीच वाटतो. खड्ड्यात गाडी आदळली की इंजिन बंद. पाण्याने धुऊन, दोन-चार वेळा वर-खाली केलं की सुटतं. गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असेल आणि त्याचं रबर ढिलं झालं असेल तर तोही असाच फसवतो. अशा वेळी चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय गाडी उठत नाही, ही त्याची खूण.

पेट्रोलमध्ये पाणी

आडगावात किराणा दुकानावर बाटलीतलं पेट्रोल मिळतं आणि अडचणीत ते देवासारखं वाटतं. घ्या, पण बाटली उजेडात धरून घ्या. घेतल्यानंतर गाडी आचके देत असेल तर तोच ड्रेन स्क्रू उघडून बाटलीत काढा आणि जरा थांबा. पाणी तळाशी मण्यांसारखं गोळा होतं, हलवलं की घरंगळतं. इथेनॉलच्या पेट्रोलचं थोडं वेगळं आहे. इथेनॉल पाणी शोषून घेतं, त्यामुळे थोडं पाणी दिसतच नाही. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात आणि बाटलीत दोन थर दिसतात. अशा वेळी बाऊल साफ करून भागत नाही. टाकीच रिकामी करावी लागते, कारण नळीतून सगळ्यांत आधी तळाचंच येतं.

टाकीत पेट्रोल कमी असताना फक्त चढावर बंद पडत असेल तर कॉक रिझर्व्हला करून बघा. चढावर पेट्रोल मागे सरकतं आणि कॉकची नळी पुढच्या बाजूला असेल तर ती कोरडी पडते. यात बिघाड काहीच नसतो.

इंजेक्शनवाली गाडी

इथे टाकी उघडून आवाज ऐकण्याचा फायदा कमी, पंपाचा आवाज ऐकण्याचा जास्त. चावी चालू केली की टाकीतून दोन-तीन सेकंद 'हुं' असा बारीक आवाज यायला हवा. बंद पडल्यावर तो आलाच नाही आणि वीस मिनिटांनी आला, तर पंप, त्याचा रिले किंवा कनेक्टर. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून उन्हाळ्यात रिझर्व्हवर गाडी रेटत नेऊ नका. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि सगळ्यांत कमी पेट्रोल असताना पंप सगळ्यांत जास्त तापतो.

मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला होता का, तेही लक्षात ठेवा. दिवा विझला तरी बिघाडाचा कोड बऱ्याचदा आत राहतो. म्हणून स्कॅनर लावण्याआधी बॅटरी काढू देऊ नका, काही गाड्यांत त्याने कोड पुसला जातो. जादा फॉग लॅम्प, मोबाईलचा चार्जर, हे सगळं लावलं असेल तर मल्टिमीटर बॅटरीला लावून इंजिन चालू असताना बघा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १२.५ च्या खाली घसरत असेल तर गाडी पंपाअभावी नाही, विजेअभावी बंद पडतेय.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचं, थोडक्यात. गरम गाडीची किक पोकळ लागत असेल, म्हणजे पायाला नेहमीचा जोर जाणवत नसेल, तर टॅपेट घट्ट आहेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो, फट आधीच नसली तर तो पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निघून जातं. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतकी असते, ती फीलर गेजनेच लावायची आणि गाडी रात्रभर थंड करून सकाळी. चालवत आणलेल्या गाडीचे टॅपेट अंदाजाने लावून देणारा मिस्त्री टाळा, मग तो कितीही अनुभवी असो.

मिस्त्रीला काय सांगायचं

"मधूनच बंद पडते" एवढं सांगितलं तर तो प्लग आणि कार्ब्युरेटरच करणार, त्याच्या जागी तुम्हीही तेच कराल. त्याऐवजी जिथे बंद पडली तिथेच मोबाईलवर चार ओळी टिपा किंवा आवाज रेकॉर्ड करा. मीटर चालू होतं की नाही. झाकण उघडल्यावर हवा आत गेली का. ठिणगी कशी होती. चढावर होती की वळणावर. टाकी किती भरली होती, वर बॅग होती का. एवढं हातात असलं की मिस्त्री अर्ध्या तासात मुद्द्यावर येतो आणि तुमचे दोन-तीन पार्टचे पैसे वाचतात. शक्य असेल तर बॅगा लावलेली, भरल्या टाकीची, गरम गाडीच त्याच्या दारात उभी करा.

दुरुस्ती झाल्यावर गल्लीत चक्कर मारून समाधान मानू नका. टाकी फुल, टाकीवरची बॅग नेहमीच्या जागी, दुपारची वेळ, आणि जवळचा कुठलाही लांब चढ. माहूरपर्यंत पोहोचलाच असाल तर दत्तशिखराचा रस्ता त्याला चांगला आहे, पण नवरात्रात आणि दत्तजयंतीला नको. त्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये रखडत चाललेली धडधाकट गाडीही तापते आणि तुम्हाला भलताच निष्कर्ष मिळतो. कॉइल बदलली असेल तर जुनी मिस्त्रीकडे सोडू नका. बदलूनही त्रास तसाच राहिला तर जुनी चांगली होती हे ठरतं, आणि पुढच्या खेपेला तीच बॅगेत जादा कॉइल म्हणून कामाला येते.